गेटवेचा प्रतिसाद बांधण्यासाठी बिल्डर खरोखर हवा का?

शून्यसूचक:
काल येथे एका सदस्यांनी लिहिले होते की लॅम्डाचा (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर विनंती आली की चालणाऱ्या फंक्शनचा) प्रतिसाद म्हणजे पाच फील्डांचा साधा ऑब्जेक्ट असून त्यासाठी बिल्डर (उत्तर टप्प्याटप्प्याने जोडून शेवटी बिल्ड या मेथडने तयार करणारी रचना) लिहिणे हे निव्वळ पांडित्यप्रदर्शन आहे. हे विधान मला इतके खटकले की दोन ओळींत उत्तर देणे जमले नाही. फील्डे पाचच आहेत हे खरे, परंतु त्यांचे परस्परसंबंध त्या ऑब्जेक्टमध्ये कोठेही लिहिलेले नाहीत. अ‍ॅमेझॉनच्या एपीआय गेटवेला, म्हणजे ग्राहक आणि फंक्शन यांच्यामधील दाराला, बॉडी स्ट्रिंग म्हणूनच लागते. तेथे ऑब्जेक्ट तसाच ठेवला, तर तुमचे फंक्शन यशस्वी होऊनही ग्राहकाला ५०२ (मधल्या सर्व्हरची त्रुटी) मिळतो. चित्र पाठवायचे असेल, तर मजकूर बेस६४ (बायनरी डेटा साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) मध्ये रूपांतरित करणे आणि तसे सांगणारा फ्लॅग सत्य करणे, ही दोन्ही कामे बरोबरच व्हावी लागतात. रेस्ट प्रकारच्या एपीआयच्या प्रॉक्सी इंटिग्रेशनमध्ये (फंक्शनचे उत्तर थेट पुढे देणाऱ्या जोडणीत) कॉर्सचे, म्हणजे दुसऱ्या संकेतस्थळाच्या पानाला उत्तर वाचू देणारे, हेडर गेटवे स्वतः घालत नाही, ते प्रत्येक उत्तरात आपणच घालावे लागतात. हे सारे नियम तीस हँडलरांत (विनंती हाताळणाऱ्या फंक्शनांत) तीस वेळा आठवण्यापेक्षा एका प्रकारात (टाइपमध्ये) एकदाच बंदिस्त करणे याला पांडित्य म्हणता येत नाही.

सरळसोट:
ते विधान माझे होते आणि मी त्यावर ठाम आहे. आपण सांगितलेले सर्व नियम सहा ओळींच्या एका फंक्शनमध्ये बसतात: स्टेटस द्या, डेटा द्या, तयार उत्तर घ्या. बिल्डरची गरज प्रामुख्याने नामित पॅरामीटर नसलेल्या भाषांत भासली. पायथन किंवा कोटलिनमध्ये ती तेवढी उरत नाही. शिवाय बहुतेक बिल्डर म्हणजे साखळीत ओवलेले सेटर (एकेक मूल्य भरणाऱ्या मेथड) असतात, आणि स्टेटस न देताच बिल्ड बोलावले तरी ते तक्रार करीत नाहीत. नव्या माणसाला ऑब्जेक्ट वाचताच काय बाहेर जाणार आहे ते दिसते, पण बिल्डर असला की त्याला आधी दुसरी फाइल उघडावी लागते.

रात्रपाळी:
सहा ओळींच्या फंक्शनांचा अनुभव मी घेतला आहे. आमच्याकडे अशी तीन फंक्शने होती, तिघांनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेली, आणि एका हँडलरच्या कॅच ब्लॉकमध्ये (त्रुटी झेलणाऱ्या भागात) तर कोणीतरी हातानेच ऑब्जेक्ट लिहिला होता, ज्यात कॉर्सचे हेडर नव्हते. एका रात्री डेटाबेसच्या जोडण्या संपल्या. खरे उत्तर ५०० (सर्व्हरची अंतर्गत त्रुटी) होते, पण ब्राउझरने ते अडवून केवळ कॉर्सची त्रुटी दाखवली. आम्ही चार तास गेटवेची कॉर्स सेटिंग तपासत बसलो, आणि ज्या डेटाबेसकडे पाहायला हवे होते तिकडे पहाटेपर्यंत कोणाचे लक्षही गेले नाही.

सरळसोट:
आपला मनस्ताप मला समजतो, परंतु ज्याने तयार फंक्शन टाळले त्याने बिल्डरही टाळलाच असता.

कंपायलरमित्र:
टाळता येऊ नये म्हणूनच प्रकार असतात. प्रतिसादाचा कन्स्ट्रक्टर खाजगी ठेवला आणि हँडलरने तोच प्रकार परत करावा असे बंधन घातले, की पळवाट उरत नाही. जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमधील रिस्पॉन्स-एंटिटी पाहा: २०४ (बॉडी नसलेले यशस्वी उत्तर) साठीची पायरी जो प्रकार परत करते त्यावर बॉडीची मेथडच नाही, त्यामुळे बॉडी जोडण्याचा प्रयत्न कंपाइलच होत नाही. मात्र माझ्या आवडत्या रस्टमधील एचटीटीपी क्रेटबद्दल (लायब्ररीबद्दल) मला तक्रार आहे. तेथे हेडरचे नाव चुकले तर त्या ओळीवर काहीच कळत नाही. चूक पोटात ठेवली जाते, शेवटी बॉडी देताना बाहेर येते, आणि तोवर नेमके काय चुकले ते शोधत बसावे लागते.

सरळसोट:
बॉडीचा पॅरामीटरच नसलेले २०४ चे फंक्शन हेच काम करते. त्याला बिल्डर म्हणण्याची आवश्यकता नाही.

कुकीग्रस्त:
सर्व जण सेट-कुकी (ब्राउझरला कुकी देणारे हेडर) विसरत आहेत. हेडरचा मॅप एका नावाला एकच मूल्य ठेवतो, त्यामुळे सेशनची कुकी लिहून नंतर सीएसआरएफची (बनावट विनंत्या रोखण्यासाठीची) लिहिली की पहिली पुसली जाते. स्वल्पविरामाने जोडावे, तर कालमर्यादेच्या तारखेतच स्वल्पविराम असतो. २०११ च्या आरएफसी ६२६५ या कुकींच्या मानकानेही सर्व्हरने अनेक सेट-कुकी एका हेडरात दुमडू नयेत असे सांगितले आहे. म्हणून लोक एकदा मोठ्या आणि एकदा लहान अक्षरांत तेच नाव लिहून वेळ मारून नेत. गेटवे आणि लॅम्डा यांच्यात जाणाऱ्या पेलोडच्या १.० स्वरूपात यासाठी अनेक मूल्यांच्या हेडरांचे वेगळे फील्ड आहे, २.० मध्ये ते नाही आणि कुकींची स्वतंत्र यादी आहे. आम्ही स्वरूप बदलले त्या दिवशी लॉगिन बंद पडले, आणि ऑब्जेक्ट हाताने लिहिलेली एकोणीस ठिकाणे मी एकटीने दुरुस्त केली. बिल्डरमध्ये कुकी जोडण्याची एक मेथड असती, तर बदल एकाच जागी झाला असता.

सरळसोट:
दोन भिन्न स्वरूपे एका बिल्डरमागे लपवली, की त्यांतील फरक कोणालाच ठाऊक राहत नाही, आणि तो लपलेला फरक पुढे केव्हातरी त्रास देतोच.

कुकीग्रस्त:
हे बोलणे ज्याने असे स्थलांतर स्वतः केलेले नाही त्यालाच सुचू शकते. फरक मला पाठ आहे. मला तो एकोणीस वेळा लिहायचा नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

सरळसोट:
माझ्या अनुभवावर घसरण्याचे काही कारण नव्हते. दोन स्थलांतरे मीही केली आहेत आणि दोन्ही वेळा साध्या फंक्शनांनी निभावले.

शून्यसूचक:
वैयक्तिक होऊ नये ही विनंती. सरळसोट यांनी २.० मधील आणखी एका वर्तनाचा विचार करावा. परत केलेल्या जेसनमध्ये स्टेटस कोड नसेल, तर गेटवे २०० (यशस्वी) गृहीत धरतो आणि संपूर्ण ऑब्जेक्टच बॉडी म्हणून पाठवतो. म्हणजे हाताने लिहिताना त्या नावातील एक अक्षर लहानमोठे झाले, तर आपण नाकारलेली विनंती ग्राहकाला २०० घेऊन पोहोचते, आणि कोठेही त्रुटीची नोंद होत नाही.

सरळसोट:
प्रकार तपासणारी भाषा असेल तर ही चूक तेथेच पकडली जाते. मात्र साध्या जावास्क्रिप्टमध्ये ती पकडली जाणार नाही, हे मला मान्य करावे लागते. तेथे ऑब्जेक्ट हाताने लिहू देऊ नये. कुकींसाठीही वेगळी सोय हवी, इतके मी स्वीकारतो. त्या सोयीला बिल्डर म्हणायला मी अजूनही तयार नाही.

शून्यसूचक:
नाव कोणतेही द्या. माझी अट एकच आहे की स्टेटस नसताना बिल्ड बोलावले तर त्याने चूक फेकलीच पाहिजे. जो बिल्डर हे करीत नाही त्याच्या विरोधात मीही तुमच्याच बाजूने उभा राहीन.

रात्रपाळी:
मग बिल्डने चूक फेकल्यावर कॅच ब्लॉकमध्ये ५०० कशाने बांधायचा? तोच बिल्डर तेथे पुन्हा फसला, तर अपवाद बाहेर निसटतो आणि गेटवे स्वतःचा ५०२ देतो, तोही आमच्या कॉर्स हेडरांशिवाय.

कंपायलरमित्र:
मॉड्यूल लोड होतानाच तो प्रतिसाद एकदा बांधून स्थिरांकात ठेवा. त्यात चूक असेल, तर ती तैनातीनंतरच्या पहिल्याच चाचणी विनंतीत दिसेल, रात्री दोन वाजता नव्हे.