कॉलनीतील रस्ता: पुन्हा डांबर की सिमेंट?

प्रश्न (रहिवासी, इंदूर)
आमच्या कॉलनीतील डांबरी रस्ता दोनच पावसाळ्यांत उखडला. ठेकेदाराने डांबर कमी घातले, तेव्हा आता सिमेंटचाच रस्ता करावा, असे रहिवासी संघातील निम्म्या सभासदांचे म्हणणे आहे. उरलेल्यांना खर्चाची चिंता आहे. माळव्यात डांबरी रस्ता टिकतच नाही का?

निवृत्त रस्ते अभियंता
डांबराला दोष देण्यापूर्वी उखडलेल्या जागी हातभर खोदून पाहावे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर मुरूम व खडीचे पुरेसे थर दाबून घातले नसतील किंवा चुना मिसळून ती स्थिर केली नसेल, तर वर डांबर असो वा सिमेंट, रस्ता तडकणारच. रस्त्यावर पाणी साचले की चाकांच्या दाबाने ते खडी आणि डांबर यांच्यामध्ये शिरते, खडीवरचा लेप सुटतो आणि खड्डा पडतो. म्हणून रस्त्याच्या मध्यभागी उंचवटा आहे का आणि कडेची नाली वाहती आहे का, हे मी डांबराच्या टक्केवारीआधी विचारीन.

डांबर प्लांटवरील कर्मचारी
हे पटते, परंतु कामाच्या दिवशीही लक्ष हवे. अशा रस्त्याला सहसा व्हीजी ३० प्रतीचे डांबर वापरतात. ही प्रत ६० अंश सेल्सिअसला मोजलेल्या घट्टपणावरून ठरते, कारण उन्हाळ्यात काळा रस्ता जवळपास तेवढा तापतो. खडी आणि डांबर यांचे मिश्रण प्लांटवर १५० ते १६५ अंशांना तयार होते आणि ते ९० अंशांखाली उतरण्यापूर्वी रोलर फिरवून संपला पाहिजे. माल वाटेतच थंडावला, तर नंतर कितीही दाबला तरी आत पोकळ्या राहतात आणि पाणी तेथूनच शिरते. जुन्या थरावरची धूळ झाडून इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेले पातळ डांबर, फवारतात. त्याचा तपकिरी रंग काळा होईपर्यंत वर मिश्रण पसरू देऊ नका.

दुसरे रहिवासी, इंदूर
आमच्याकडे सिमेंटचा रस्ता झाल्यावर वर्षभरात नर्मदेच्या पाण्याची वाहिनी टाकण्यासाठी तो फोडावा लागला आणि तो सांधा आजही खचलेला आहे. जमिनीखालची कामे बाकी असतील, तर आधी ती उरकून घ्या.

प्रश्नकर्ता
आज खोदून पाहिले. डांबराखाली खडी जेमतेम चार बोटे आहे आणि तिच्याखाली थेट काळी माती. नालीचा काठही रस्त्यापेक्षा वर आहे. रविवारच्या बैठकीत डांबर की सिमेंट हा विषय बाजूला ठेवून पायाचे थर आणि नाली यांचाच खर्च आधी मांडतो.