भातातलं औषध सोयाबीनला नको
भातातल्या गोगलगायी मारायचं औषध निक्लोसामाइड सोयाबीनला चालेल का, असं एकानं विचारलंय. कृपा करून वापरू नका. फिलिपिन्समध्ये ते भाताच्या पाण्यातल्या सोनेरी गोगलगायीसाठी वापरतात, आणि त्यानं मासेही मरतात. आमच्या बार्शीकडे सोयाबीनची रोपं कुरतडते ती जमिनीवरची शंखी गोगलगाय, रात्री बाहेर पडणारी. तिला मेटाल्डिहाइड या गोगलगायनाशकाच्या २.५ टक्के गोळ्या, एकरी २ किलो, संध्याकाळी, पावसाची उघडीप बघून. मात्र या गोळ्या कुत्री आवडीनं खातात आणि झटके येऊन तडफडतात. जनावरं, कोंबड्या लांबच ठेवा. माझं ऐकाल तर आधी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधावर टाका. सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवायच्या. रोप कोवळं आहे तोवर रोज.