अनुभव सांगा: ‘तू तं घरीच असते नं?’

नागपुरात बसून पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांचं काम करणाऱ्यांनो, पगार आणि तासांबद्दल खरं लिहा, नावाऐवजी वस्ती टाकली तरी चालेल. सुरुवात मीच करते.

दीर आणि मी एकाच कंपनीत, टेस्टिंगलाच. अनुभवही सारखाच, ६ वर्षं. जुलैत रिटर्न भरायला सासऱ्यांनी दोघांचे फॉर्म १६ (वर्षाच्या पगाराचे दाखले) शेजारी-शेजारी ठेवले. वर्षाला १ लाख ४० हजारांचा फरक! एचआर म्हणे, ‘तुम्ही घरून काम मागितलं होतं, ते धरून ऑफर दिली.’ दीरही घरूनच करतो, वरच्या खोलीत. त्याला कोणी विचारलं नाही.

त्रिमूर्तीनगर : मे महिना, पारा ४५ वर. आमच्याकडे नळ सकाळी साडेनऊला येतो आणि मीटिंगही तेव्हाच. कानात हेडफोन, हातात पाइप, कूलरची टाकी भरणं चालू. एकदा म्यूट करायचं राहिलं. सासूबाईंचं ‘अवं, पानी उतू चाललं नं बाप्पा!’ थेट क्लायंटच्या कानात. हसले सगळे. अप्रेझलमध्ये मात्र ‘लक्ष विचलित असतं’. टीममधल्या एकाचं पोरगं कॅमेऱ्यात आलं, तेव्हा तो ‘गुणी बाप’ ठरला होता.

मी पुरुष, लिहू का? : टीम लीड आहे. आमच्याकडे ऑफर ठरते मागच्या पगारावर अमुक टक्के वाढ देऊन. बाळंतपणानंतर ३ वर्षं घरी राहिलेल्या बाईचा मागचा पगारच ३ वर्षं जुना. मुद्दाम कोणाला कमी दिलं नाही, पण सही माझीच होती.

मनीषनगर : कागदावर ११ ते ८. मधे पोरीचा डबा, ट्यूशन. ते तास रात्री १० ते १ भरून काढते. उशिराचा मेसेज आला की बॉस समजतो, जागीच आहे.

प्रतापनगर : २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायांची रोजची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. ऑफिसचे तास त्याच्यावर. आणि मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत बाळंतपणाच्या रजेनंतर कंपनी आणि बाई दोघांच्या संमतीनं घरून काम करायची सोय आली. त्यासाठी पगार कापा, असं त्यात कुठंही नाही. समान कामाला समान वेतन तर १९७६ पासून कायद्यात आहे. पण शेजारणीचा आकडा कळल्याशिवाय भांडायचं कशावर? धागाकर्त्या ताई, पुढे काय झालं?

धागाकर्ती : दीरानं स्वतःची स्लिप मेल केली. सोमवारी साडेनऊला एचआरशी कॉल आहे. कूलर तो भरतो म्हणाला.