आरोप नाही, खटला नाही, तरी आत? पॅलेस्टिनी कैद्यांबद्दल एक प्रश्न

प्लास्टरवाला_सांगली:
नमस्कार मंडळी. राजकारणाच्या धाग्यांवर मी कधी लिहीत नाही, नुसता वाचतो, पण हे चार दिवस डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी ऑर्थो वॉर्डात प्लास्टर टेक्निशियन, बावीस वर्षं झाली. परवा रात्रपाळीला मोबाईल चाळताना डॉ. अदनान अल-बुर्श यांच्याबद्दल वाचलं. गाझाच्या अल-शिफा हॉस्पिटलचे ऑर्थो विभागाचे प्रमुख. डिसेंबर २०२३ मध्ये इस्रायली सैन्याने त्यांना उत्तर गाझातल्या अल-अवदा हॉस्पिटलमधनं नेलं आणि १९ एप्रिल २०२४ ला ते ओफरच्या इस्रायली तुरुंगात वारले. वय ५०. ऑर्थोवाला माणूस म्हटल्यावर आपलाच कोणीतरी वाटतो ना, म्हणून पुढे वाचत गेलो आणि झोप उडाली.

त्याच महिन्यात हाआरेत्झ या इस्रायली पेपरात एक पत्र छापून आलं होतं. दक्षिण इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात स्दे तैमान म्हणून लष्करी तळ आहे, तिथे गाझातून पकडलेले लोक ठेवायचे, आणि तिथल्याच फील्ड हॉस्पिटलच्या इस्रायली डॉक्टरने मंत्र्यांना कळवलं की बेड्यांमुळे झालेल्या जखमांपायी या एका आठवड्यात दोन कैद्यांचे पाय कापावे लागले, आणि हे इथे नेहमीचंच झालंय. पेशंटचे हातपाय चारी बाजूंनी बांधलेले, डोळ्यावर पट्टी, खाणं स्ट्रॉने, खाली डायपर.

आता माझ्या कामातलं सांगतो. प्लास्टर घट्ट झालं तर काय होतं? आधी ठणका लागतो, मग बोटं सुजतात, मग मुंग्या, मग थंड पडतात आणि निळी व्हायला लागतात. म्हणून आम्ही पेशंटला दहादा सांगतो, बोटं हलवत राहा, रंग बदलला तर रात्री दोनला पण या. तो आला की कटर लावून प्लास्टर फाडायचं, पाच मिनिटांचं काम आहे हो. पाय कापायची वेळ येते ती पेशंट गावाकडं राहिला, कोणी बघितलंच नाही तेव्हा. आणि इथे तर पेशंट हॉस्पिटलातच आहे, शेजारी डॉक्टर आहे! म्हणजे किती तास, किती दिवस कोणी ती बेडी सैल केली नसेल?

प्रश्न एवढाच, की ही माणसं नक्की कोण असतात? शिक्षा झालेले कैदी की नुसते पकडलेले? आणि खटल्याशिवाय आत ठेवणं कायद्यात बसवतात तरी कसं? जाणकारांनी जरा सोप्या भाषेत सांगा.

काळाकोट:
प्लास्टरवाले दादा, चांगला प्रश्न. बातम्यांत सगळ्यांना सरसकट 'कैदी' म्हणतात आणि तिथेच घोळ होतो.

एक म्हणजे खटला होऊन शिक्षा झालेले. पण खटला कुठे? इस्रायली लष्कराच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेत पॅलेस्टिनी माणसाचा खटला लष्करी कोर्टात चालतो, आणि त्याच डोंगरावर शेजारच्या वसाहतीत राहणाऱ्या इस्रायली माणसाने तोच गुन्हा केला तर तो नेहमीच्या दिवाणी-फौजदारी कोर्टात जातो. दगडफेकीला लष्करी आदेशात वीस वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि बारा वर्षांच्या पोरापासून पुढे खटला चालू शकतो. दोषी ठरण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर, कारण बहुतेक जण तडजोड करून गुन्हा कबूल करून मोकळे होतात, लढत बसलं तर शिक्षेपेक्षा जास्त दिवस कच्च्या कैदेतच जातात. (हे गणित आपल्याकडच्या वकिलांना नवीन नाही.)

दुसरे म्हणजे प्रशासकीय स्थानबद्ध. यात आरोपच नसतो. लष्करी कमांडर सही करतो, सहा महिने आत. सहा महिने संपले की परत सही, याला वरची मर्यादा नाही. पुरावा गुप्त, तो कैद्यालाही दाखवत नाहीत आणि त्याच्या वकिलालाही नाही. मग वकिलाने बोलायचं काय? 'माझा अशील निर्दोष आहे' एवढंच, कशाबद्दल निर्दोष ते माहीत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या आधी असे साधारण १३०० होते, पुढे तीन हजारांच्या वर गेले. एकूण आकडा पाच हजारांच्या आसपास होता तो नऊ हजारांच्या पुढे गेला. हे आकडे हमोकेद ही इस्रायली संस्था तिथल्या तुरुंग खात्याकडूनच मिळवून दर महिन्याला छापते, म्हणजे कुणाच्या प्रचाराचे नाहीत.

तिसरे गाझातले. त्यांच्यासाठी २००२ चा 'बेकायदा लढवय्ये' कायदा लावतात. युद्ध सुरू झाल्यावर त्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२३ च्या त्या दुरुस्तीनुसार लेखी आदेशाशिवाय ४५ दिवस आणि न्यायाधीशासमोर उभं न करता ७५ दिवस ठेवता येत होतं. वकील भेटणं तर त्याहून लांब. तुमचा बेडीचा प्रश्न आहे ना, त्याचं अर्धं उत्तर या ७५ मध्ये आहे. अडीच महिने तो माणूस बाहेरच्या एकाही डोळ्याला दिसत नव्हता.

आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), या सगळ्याचं मूळ ब्रिटिशांचं आहे. १९४५ चे पॅलेस्टाईनमधले आणीबाणीचे संरक्षण नियम. तेव्हा त्याखाली ज्यू बंडखोरांना पकडून बिनखटल्याचं थेट एरिट्रियाला पाठवत होते. १९४६ मध्ये ज्यू वकिलांनी तेल अवीवला परिषद भरवून या नियमांवर सडकून टीका केली होती. दोन वर्षांत स्वतःचा देश झाला आणि नियम ठेवून घेतले.

आपणही काही वेगळं केलं नाही. माझे आजोबा आपल्या आणीबाणीत मिसाखाली (बिनखटल्याच्या अटकेचा कायदा) नाशिक रोडच्या तुरुंगात १९ महिने होते, आरोप काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. फरक एवढा की आजी पंधरा दिवसांनी डबा घेऊन जायची, डबा रिकामा परत यायचा, त्यावरून घरी कळायचं की माणूस जेवतोय.

रोखठोक७७:
झालं सुरू. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसं मारली, २५१ ओलीस नेले, त्यातली तान्ही पोरं होती, त्यावर धागा का नाही काढला? ओलिसांना कुठला वकील भेटला? कुठली रेडक्रॉस भेटली? ऑगस्ट २०२५ मध्ये हमासनेच व्हिडिओ टाकला, भुयारात हाडाचा सापळा झालेला पोरगा स्वतःची कबर खणतोय. आणि ज्यांच्यासाठी गळा काढताय त्यातलेच बाहेर आले की काय करतात ते पण बघा. २०११ ला एका सैनिकासाठी १०२७ सोडले, त्यातला एक याह्या सिनवार, तोच पुढे ७ ऑक्टोबरच्या हल्ल्याचा सूत्रधार. तुरुंग म्हणजे काय सासरवाडी आहे का पाहुणचार करायला.

प्लास्टरवाला_सांगली:
रोखठोक साहेब, तो भुयारातला व्हिडिओ मी पण बघितला, अर्धाच बघवला. त्या पोराच्या बरगड्या मोजता येत होत्या. पण म्हणून माझा प्रश्न कसा बंद होतो ते सांगा. सिनवारला खटला चालवून जन्मठेपा झाल्या होत्या. मी विचारतोय ते ज्याच्यावर काहीच ठेवलेलं नाही त्याच्याबद्दल. आणि काळाकोट, डब्याचं वाचून थांबलो जरा. धन्यवाद.

नवगावकर:
शालोम आणि नमस्कार. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, आजी अलिबागजवळच्या नवगावची, आम्ही साठच्या दशकापासून दक्षिण इस्रायलमधल्या बीरशेबात. मराठी घरची आहे, लिहायची सवय नाही, शुद्धलेखन माफ करा. इथे सगळे लांबून बोलतायत, मी जवळून दोन गोष्टी सांगतो कारण स्दे तैमान माझ्या घरापासून फार लांब नाही, आम्ही त्या रस्त्याने कायम जातो.

पहिली गोष्ट रोखठोक यांना. आमच्या शेजारच्या गल्लीतली मुलगी नोवाच्या पार्टीला (७ ऑक्टोबरला हल्ला झाला तो संगीत महोत्सव) गेली ती परत आली नाही. तिची आई अजून बाल्कनीतले कपडे काढत नाही. त्यामुळे तो राग मला कोणी समजावू नये, तो माझ्या घरात बसलेला आहे.

दुसरी गोष्ट. २९ जुलै २०२४ ला मिलिटरी पोलीस त्या तळावर आले, आपल्याच राखीव सैनिकांना एका कैद्याच्या छळाबद्दल ताब्यात घ्यायला. तर जमाव गेट तोडून आत घुसला आणि त्यात खासदार होते! खासदार! मग त्या सैनिकांना नेलं त्या बेत लिद तळावर तोच प्रकार. आम्ही घरात टीव्हीसमोर, भाऊ म्हणतो बरोबर केलं, मी म्हणतो लष्कराच्या तळात घुसणं बरोबर कसं, आई म्हणते टीव्ही बंद करा. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच जणांवर आरोपपत्र आलं, त्यात लिहिलं होतं की कैद्याच्या बरगड्या मोडल्या, फुफ्फुसाला भोक पडलं, गुदद्वाराजवळ टोकदार वस्तूने जखम केली. हे हमासने लिहिलेलं नाही, आमच्या लष्कराच्या वकिलांनी लिहिलेलं आहे. आणि नंतर काय झालं? त्या प्रकाराचा व्हिडिओ टीव्हीवर कोणी फोडला याचाच गदारोळ. लष्कराच्या मुख्य कायदा अधिकारी यिफात तोमेर-येरुशाल्मी यांनी ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी मान्य केलं की परवानगी आपण दिली होती, राजीनामा दिला, मग त्यांनाच अटक. आमच्या इथल्या चहाच्या गप्पांत व्हिडिओत काय होतं हे कोणी बोलतच नाही आता, फुटला कसा तेवढंच.

आणि पाहुणचाराचं म्हणाल तर पूर्वी तुरुंगात कँटीन होतं, कैदी स्वतः स्वयंपाक करायचे, घरचे भेटायला यायचे. युद्धानंतर ते सगळं काढून घेतलं, कोठड्या दुप्पट भरल्या, खरूज पसरली. बेत्सेलेम या इथल्याच संस्थेने सुटलेल्या ५५ जणांच्या जबान्या ऑगस्ट २०२४ मध्ये छापल्या, त्यात वेगवेगळ्या तुरुंगांतले लोक एकच वर्णन करतात, मोजणीच्या वेळी गुडघ्यावर बसवून डोकं खाली, मार, उपास. आमचा मंत्री बेन ग्वीर तर कैद्यांचं खाणं कमी केलं हे अभिमानाने सांगतो.

काळाकोट:
नवगावकर दादा, लिहीत राहा, तुमचं मराठी आमच्यापेक्षा बरं आहे. खाण्याचं निघालं म्हणून जोडतो. ७ सप्टेंबर २०२५ ला तुमच्या सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एक असा निकाल दिला की सुरक्षा कैद्यांना पुरेसं अन्न मिळत नाहीये असं दिसतं आणि ते देणं सरकारचं काम आहे. म्हणजे तीन वेळचं खाणं द्या हे सांगायला देशाचं सर्वोच्च कोर्ट लागलं. त्याच कोर्टाने १९९९ ला चौकशीतल्या छळाला मनाई केली होती, पण 'निकडीच्या प्रसंगी' अधिकाऱ्याला बचाव घेता येईल अशी एक फट ठेवली. फट ठेवली की त्यातून काय काय जातं ते आम्ही रोज कोर्टात बघतो.

चहा_कमी_साखर:
वाचनखूण साठवली. अवांतर होईल पण राहवत नाही, छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर इस्रायलने १९९१ मध्ये शिक्कामोर्तब केलंय, आपण १९९७ ला सही केली आणि कागद तसाच ठेवला, अजून मंजुरी नाही. तेव्हा बोट दाखवताना जरा जपून, बाकी चालू द्या.

रोखठोक७७:
नवगावकर, तुमच्या शेजाऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. तळात घुसणं चूक होतं हे मान्य. बाकी माझं मत तेच आहे, युद्धात पकडलेल्याला सोडून द्यायचं का एवढंच सांगा कोणीतरी.

काळाकोट:
सोडा कुणी म्हटलंय. युद्धकैदी ठेवता येतो, संशयितही ठेवता येतो. ठेवलेल्याची यादी करा, घरी कळवा, रेडक्रॉसला बघू द्या. चौथा जिनिव्हा करार १९४९ चा आहे, शोध नवीन नाही. पण ऑक्टोबर २०२३ पासून रेडक्रॉसला एकाही तुरुंगात सोडलेलं नाही. हमासनेही ओलिसांना भेटू दिलं नाही, ते तितकंच चूक. फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स या इस्रायली डॉक्टरांच्या संस्थेने ऑक्टोबर २०२३ पासूनचे कोठडीतले किमान ९८ मृत्यू मोजले, तो अहवाल नोव्हेंबर २०२५ चा.

प्लास्टरवाला_सांगली:
९८. नवगावकर दादा, एक शेवटचं विचारतो. गाझातल्या कमाल अदवान हॉस्पिटलचे प्रमुख डॉ. हुसाम अबू सफिया, डिसेंबर २०२४ मध्ये पांढरा कोट घालून ढिगाऱ्यातनं रणगाड्याकडे चालत जातानाचा फोटो सगळ्यांनी बघितला असेल, तेव्हाच त्यांना पकडलं, त्यांच्यावर तरी काही खटला भरला का? की ते पण त्याच २००२ च्या खणात?

नवगावकर:
त्याच खणात. २०२५ च्या मार्चमध्ये सहा महिने वाढवून दिले, आरोपपत्राशिवाय. कोर्ट आमच्या बीरशेबाचंच. मी वीजबिलाच्या भानगडीसाठी त्या बाजूला गेलो होतो, बाहेर गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून कुरकुरत होतो. आत हे चाललेलं असतं हे मला तुमच्या धाग्यामुळे पहिल्यांदा जोडून दिसलं.