मदत हवी आहे: बाबांना मोकामध्ये 30 पैकी 17, हा डिमेन्शिया आहे का?

निशिगंधा77: काल बाबांची मोका टेस्ट (स्मरणशक्ती, लक्ष वगैरे तपासतात ती) झाली, 17 आले, नॉर्मल 26 च्या पुढे म्हणे. फिजिओवाल्या मॅडम घाईत होत्या, न्यूरोला दाखवा एवढंच बोलल्या आणि तिथली अपॉइंटमेंट 12 दिवसांनी. घरी एकटं ठेवलं तर चालेल का? सोमवारपासून मला ऑफिस आहे, प्लीज लवकर सांगा.

टग्या: मोक्का?? मला वाटलं पोलीस केस.

ओटी_ताई: स्ट्रोक झालाय का? कधी? कुठली बाजू? बोलतात का नीट? शिक्षण, टेस्टची भाषा?

निशिगंधा77: हो स्ट्रोकच, लिहायचं राहिलं. 5 आठवडे झाले, डावा हात-पाय. बोलणं व्यवस्थित. सातवी पास. टेस्ट हिंदीत.

जोशीकाका: घ्या! 100 तून सात-सात वजा करत जायचं, तेही हिंदीत. बारावीपर्यंतच शिकलेल्याला 1 मार्क जादा असतो, तो धरला का विचारा. आमच्या हिची टेस्ट तर चष्मा घरी विसरून झाली होती.

रानपाखरू: कबुतराचं रक्त चोळा, आमचे मामा महिन्यात चालायला लागले.

ओटी_ताई: काहीही चोळू नका. निशिगंधा, घड्याळ काढायला लावलं असेल ना, कसं काढलं?

निशिगंधा77: गोल बरोबर, आकडे सगळे उजवीकडे कोंबलेले. आणि आता आठवलं, ताटातली चटणी-कोशिंबीर रोज तशीच राहते, एरवी चटणीशिवाय घास उतरत नाही त्यांना. मला वाटलं तोंडाची चव गेली. दाढीपण अर्धीच करतात.

ओटी_ताई: याला निग्लेक्ट म्हणतात. उजव्या मेंदूला मार बसला की कधीकधी डावीकडचं जग मेंदू मोजतच नाही, डोळे चांगले असले तरी. त्यात घड्याळ, आकृती सगळ्याचे मार्क जातात, म्हणून फक्त 17 वर डिमेन्शिया ठरवता येत नाही. रेघेचा मध्य दाखवा, चांदण्या खोडा अशा चाचण्या करायला सांगा, ऑक्सफर्ड कॉग्निटिव्ह स्क्रीन तर स्ट्रोकसाठीच बनवलीय. सध्या एकटं ठेवू नका, गॅस, चौकट, जिना, डावीकडचं काहीच कळत नाही. ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवा आणि तिथपर्यंत मान वळवायला लावा.

जोशीकाका: शब्दकोडी पण द्या. रोज.

मुक्काम_पोस्ट: पेन्शन खात्यावर सहीचं बघून घ्या आधी.

निशिगंधा77: पेन्शन नाहीये काका. आत्ता ताट उलटं फिरवून ठेवलं, तर म्हणाले, "चटणी आत्ता वाढलीस होय?" सोमवारी आत्याला बोलावते.