नाकाचा पडदा सरळ केल्यावर वास पूर्ववत येतो का?

प्रश्न – उत्तरायण

नाकाचा पडदा वाकडा असल्यामुळे माझी डावी नाकपुडी गेली अनेक वर्षे जवळजवळ बंदच असते. ईएनटी तज्ज्ञांनी सेप्टोप्लास्टी (पडदा सरळ करणे) आणि तिच्यासोबत खालच्या टर्बिनेटचा, म्हणजे नाकाच्या बाजूच्या भिंतीवरील अस्तराने झाकलेल्या हाडाच्या उंचवट्याचा, आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. श्वास मोकळा होईल याची त्यांना खात्री आहे. वासाविषयी विचारले असता मात्र "आताच सांगता येणार नाही" एवढेच ते म्हणाले. मला वास येतो, पण फिका येतो. काही करपले तर ते घरातील इतरांना माझ्या बरेच आधी कळते. या शस्त्रक्रियेने वास सुधारतो, की आहे तोही जाण्याचा धोका असतो?

प्रतिसाद – कर्णनासिका

आपल्या डॉक्टरांचे उत्तर तोकडे असले तरी प्रामाणिक आहे. आत घेतलेल्या हवेचा मोठा भाग खालच्या आणि मधल्या टर्बिनेटलगतच्या रुंद वाटेने थेट घशाकडे जातो. वास ओळखणारे अस्तर मात्र नाकाच्या अगदी छताशी, पडद्याचा वरचा भाग आणि वरची टर्बिनेट यांच्यामधील एक-दोन मिलिमीटरच्या फटीत असते, आणि संथ श्वासात तिथवर हवेचा थोडाच अंश पोहोचतो. एखादा मंद वास नीट घ्यायचा असला की आपण नकळत हुंगतो, ते याच कारणाने. त्यामुळे पडदा खालच्या भागात वाकडा असेल, तर तो सरळ केल्याने श्वास सुटतो, पण वासात फारसा फरक जाणवेलच असे नाही. वाकडेपणा उंचावर असेल, किंवा सूज अथवा पॉलिप (अस्तरातून वाढणाऱ्या मऊ गाठी) यांमुळे ती फटच बुजलेली असेल, तर सुधारणेची शक्यता वाढते; पॉलिपच्या रुग्णांत मात्र ते पुन्हा वाढले की वासही पुन्हा मंदावतो.

हे झाले मार्गाविषयी. गंधाचे रेणू फटीत पोहोचूनही चेतापेशीच क्षीण झाल्या असतील, मग कारण विषाणुसंसर्ग असो, डोक्याला लागलेला मार असो वा वाढते वय, तर पडदा कितीही सरळ केला तरी उपयोग होत नाही. आपल्या बाबतीत यांपैकी नेमके काय आहे हे ठाऊक नसताना शस्त्रक्रियेला सामोरे जाणे मला पटत नाही. एंडोस्कोपीने (नाकात कॅमेऱ्याची बारीक नळी घालून) फट पाहता येते आणि वासाची रीतसर चाचणीही करता येते: 'स्निफिन स्टिक्स'मध्ये गंध भरलेल्या पेनांनी, तर 'युपीएसआयटी'मध्ये खरवडून हुंगायच्या 40 गंधांनी. ही चाचणी आधीच करून घ्यावी. पुष्कळांचा वास शस्त्रक्रियेपूर्वीच मंद असतो आणि तो त्यांच्या ध्यानात आलेला नसतो. नंतर तक्रार उद्भवली की तुलनेसाठी हाताशी काहीच राहत नाही.

धोक्याविषयी सांगायचे तर सूज, खपल्या आणि स्प्लिंट (पडद्याला आधार म्हणून नाकात ठेवलेल्या पट्ट्या) यांमुळे सुरुवातीचे काही आठवडे वास कमी होणे अपेक्षितच असते. वास कायमचा जाणे दुर्मीळ आहे, पण अशक्य नाही. पडद्याच्या वरच्या भागातील अस्तराला इजा झाली, किंवा भरून येताना दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटून फट बंद झाली, तर तसे होऊ शकते.

प्रतिसाद – मोकळा_श्वास

माझी सेप्टोप्लास्टी झालेली आहे. स्प्लिंट काढल्यावर श्वास एकदम सुटला, वास मात्र लगेच आला नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुताना तपकिरी खपल्यांचे तुकडे निघत, आणि ते निघणे थांबल्यावर हळूहळू फरक पडू लागला. सर्वांत आधी ओळखू आला तो नाक धुण्याच्या बाटलीच्या प्लॅस्टिकचा वास! मेन्थॉल मात्र मला पहिल्या दिवसापासून जाणवत होता, त्यामुळे चेता शाबूत असल्याची खात्री होती.

प्रतिसाद – तिसरी_नाकपुडी

मेन्थॉलवरून तसा निष्कर्ष काढता येत नाही. मेन्थॉलचा गारवा आणि अमोनियाचा झोंबरेपणा चेहऱ्याच्या संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल चेता टिपते. वास पूर्णपणे गेलेल्या माणसालाही ते जाणवतात. घरी अंदाज घ्यायचा असेल तर कॉफीची पूड किंवा साधा साबण वापरावा.

हीच चेता आत येणाऱ्या हवेचा गारवा टिपते, आणि नाक मोकळे असल्याची जाणीव त्यातूनच होते. टर्बिनेट प्रमाणाबाहेर कापली गेल्यास मार्ग रुंद असूनही नाक बंद वाटण्याचा त्रास काहींना होतो. तेव्हा टर्बिनेटचा किती भाग काढणार आणि तिच्यावरचे अस्तर राखणार का, हे उत्तरायण यांनी आधीच विचारून घ्यावे.

उत्तरायण

एंडोस्कोपी आणि चाचणी दोन्हींविषयी विचारतो. शस्त्रक्रियेनंतर वासाचा सराव करतात असे ऐकले आहे. त्याने खरोखर फायदा होतो का?

प्रतिसाद – कर्णनासिका

ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये ही पद्धत मांडली. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार गंध दिवसातून दोनदा, प्रत्येकी काही सेकंद, लक्ष देऊन हुंगायचे आणि हे 12 आठवडे चालवायचे. घ्राणचेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होत असल्यामुळे सरावाला अर्थ आहे. तथापि फायद्याचा सर्वाधिक पुरावा विषाणुसंसर्गानंतर वास गेलेल्यांचा आहे, त्यामुळे पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच प्रमाणात गुण येईल असे गृहीत धरू नये. निरुपद्रवी असल्याने मी तो सुचवतो, पण खपल्या गेल्यावर आणि सर्जनच्या परवानगीनेच. नाक जोरात शिंकरणे तोवर टाळावे. जस्त असलेली नाकात घालायची औषधे तर मुळीच वापरू नयेत; अशा उत्पादनांमुळे वास जाण्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2009 मध्ये इशारा दिला होता.

शस्त्रक्रियेनंतर एका नाकपुडीतून पाण्यासारखा पातळ, खारट द्रव ठिबकू लागला, विशेषतः वाकल्यावर, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. आणि आपल्याला करपल्याचा वास आताच उशिरा कळतो, म्हणून घरात धुराचा आणि गॅसगळतीचा अलार्म शस्त्रक्रियेची वाट न पाहता बसवून घ्यावा.