जॅकेट नंतर, आधी डोकं

घोडबंदर रोडने रोज बाईकवर जायचंय, बजेट दहा हजार, त्यातले सात जॅकेटवर घालू का, असं तुम्ही विचारलंय. नका घालू. आधी हेल्मेट घ्या, तेही दुकानात जाऊन, डोक्यावर चढवून. पट्टा लावून हेल्मेट हलवलं की गालाची कातडी सोबत हलली पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. कपाळावर एकाच जागी दुखायला लागलं तर तो आकार तुमचा नाही. आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा हेल्मेटच्या भारतीय मानकाचा क्रमांक बघा. त्या खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला १ जून २०२१ पासून बंदी आहे, तरी रस्त्याकडेला मिळतात. ती घेऊ नका, कळकळीने सांगतोय.

मग हातमोजे. पडताना माणूस आधी हात टेकतो. पावसात गायमुखच्या उतारावर माझी गाडी घसरली, तळवे वाचले ते मोज्यांमुळेच.

जॅकेट उरलेल्या पैशात, पण जाळीचं. आपल्या दमट हवेत जाड जॅकेट आठवड्यात खुंटीला लागतं. कोपर-खांद्याच्या पॅडवर ईएन १६२१-१ (अशा पॅडचं युरोपीय मानक) छापलेलं असू द्या, नुसता फोम नको. बूट तूर्तास घोटा झाकणारे कुठलेही चालतील.